थाई फाइन डायनिंगला पहिल्यांदा जाताय?

शहराच्या मध्यवर्ती भागातलं एखादं नावाजलेलं थाई रेस्टॉरंट गाठायचं आणि तिथे प्रत्येकाने आपापल्यापुरती एकेक डिश मागवायची. एकाने ग्रीन करी, दुसऱ्याने पॅड थाई, तिसऱ्याने फ्राइड राइस. नवखी मंडळी हमखास असं करतात आणि 'ठीक होतं, पण एवढे पैसे मोजण्यासारखं काय होतं त्यात?' असं म्हणत बाहेर पडतात. दोष बहुतेक वेळा स्वयंपाकघराचा नसतो. थाई जेवण एकट्याच्या ताटासाठी रचलेलंच नाही, ते सगळ्या टेबलासाठी रचलेलं असतं. मधोमध भात, भोवती चार-पाच पदार्थ आणि त्यातला प्रत्येक पदार्थ सगळ्यांचा. आंबट, खारट, गोड आणि तिखट या चार चवींचा तोल एका वाडग्यात नव्हे, तर अख्ख्या टेबलावर जुळून यायला हवा. आणि तो जुळवण्याचं निम्मं काम ऑर्डर देणाऱ्याचं असतं. पुढे जे सांगतोय ते मुख्यतः त्यासाठीच.

जागा निवडणं

आधी मेन्यू ऑनलाइन वाचा. त्यात थाई पदार्थांशेजारी सुशी, डिमसम आणि हक्का नूडल्स दिसले तर ते सर्वसाधारण एशियन रेस्टॉरंट आहे. वाईट असेलच असं नाही, पण थाई जेवणासाठी मी तिथे जाणार नाही. याउलट 'याम' म्हणजे थाई सॅलडचे तीन-चार प्रकार, 'नाम प्रिक' म्हणजे भाज्यांसोबत खायच्या झणझणीत चटण्या आणि एखाद-दुसऱ्या प्रांताचे खास पदार्थ दिसले, तर स्वयंपाकघरात जाणकार माणूस आहे असं समजायला हरकत नाही. परदेशातल्या अस्सल थाई रेस्टॉरंटना थायलंडचं वाणिज्य मंत्रालय 'थाई सिलेक्ट' नावाचं प्रमाणपत्र देतं. त्याची पाटी दारावर असेल तर तेवढाच एक दिलासा.

मेन्यूतल्या प्रांतांकडेही लक्ष द्या. मध्य थायलंडचं जेवण नारळाच्या दुधाचं, किंचित गोडसर आणि नवख्याला सगळ्यात सोपं. ईशान्येकडच्या इसानचं कोरडं, आंबट-तिखट, चिकट भातासोबत खायचं. उत्तरेकडे नारळ कमी, पण खाओ सोई ही करीतली नूडल्स तिथलीच. दक्षिणेकडचं जेवण हळदीचं, मासळीचं आणि जहाल तिखट. पहिल्याच खेपेला दाक्षिणात्य थाई रेस्टॉरंट निवडणार असाल तर मन घट्ट करून जा. जायला मात्र जरूर हवं. २०२४च्या नोव्हेंबरात मिशेलिन या रेस्टॉरंट-गाइडचे तीन स्टार मिळवणारं पहिलं थाई रेस्टॉरंट ठरलं ते बँकॉकचं 'सोर्न', आणि तिथे दक्षिणेकडचंच जेवण मिळतं.

थाई जेवणाला या दर्जाची ओळख मिळून फार काळ झालेला नाही. २००१ साली लंडनमध्ये उघडलेलं 'नाम' हे मिशेलिन स्टार मिळवणारं पहिलं थाई रेस्टॉरंट, आणि खुद्द बँकॉकची मिशेलिन गाइड सुरू झाली २०१७च्या डिसेंबरात. म्हणून वेटर तुमच्यासमोर टेस्टिंग मेन्यू, म्हणजे स्वयंपाकघरानेच ठरवलेल्या पदार्थांची मालिका, ठेवेल तेव्हा दडपून जाऊ नका. हा प्रकार बऱ्याच जणांसाठी नवाच आहे.

बुकिंग

चौघं जमवा. दोघांत तीनच पदार्थ संपतात, आणि आठ जण असले की प्रत्येक पदार्थ दोनदा मागवावा लागतो. मला विचाराल तर चार किंवा पाच हा उत्तम आकडा.

मध्यवर्ती भागातल्या अशा ठिकाणी संध्याकाळी बरेचदा दोन पाळ्या असतात. टेबल किती वेळासाठी आहे, आगाऊ रक्कम भरावी लागते का आणि बुकिंग रद्द केलं तर ती परत मिळते का, हे आधीच विचारून घ्या. पार्किंगचंही विचारा. पहिल्या पाळीचं टेबल असेल आणि तुम्ही अर्धा तास पार्किंग शोधत फिरलात, तर तो अर्धा तास गोड पदार्थाच्या वाटणीतून जातो. बजेट आखडतं असेल तर दुपारी जा. पुष्कळ ठिकाणी तेच स्वयंपाकघर दुपारचा ठरावीक मेन्यू कमी किमतीत देतं.

पथ्यं आणि ॲलर्जी बुकिंगच्या वेळीच सांगा

हा भाग घाईने वाचू नका.

थाई स्वयंपाकात खारटपणा मिठातून कमी आणि फिश सॉसमधून जास्त येतो. त्याशिवाय कोळंबी आंबवून केलेली 'कापी' नावाची पेस्ट, ऑयस्टर सॉस, सुकी कोळंबी आणि चिकनचा स्टॉक असतोच. त्यामुळे 'व्हेजिटेबल ग्रीन करी' असं मेन्यूत लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की वर तरंगणारे तुकडे भाजीचे आहेत. करीच्या वाटणात कापी असू शकते.

आता यातली मेख अशी: करीचं वाटण आधीच करून ठेवलेलं असतं. टेबलावर बसल्यावर 'कोळंबीची पेस्ट नको' म्हटलं तर ती कुणी बाहेर काढू शकत नाही. याम, सोम तम (कच्च्या पपईचं सॅलड), परतलेल्या भाज्या हे पदार्थ मात्र ऑर्डर आल्यावर केले जातात, तेव्हा त्यात फिश सॉसऐवजी सोया सॉस घालणं सोपं असतं. चांगल्या रेस्टॉरंटला एक दिवस आधी कळवलं तर ते शाकाहारी वाटण वेगळं करून ठेवू शकतात. ऐनवेळी सांगितलं तर तुमच्या वाट्याला परतलेल्या भाज्या आणि भात येण्याची शक्यता दाट.

नुसतं 'शाकाहारी' म्हणून थांबू नका, कारण अनेक स्वयंपाकघरांच्या लेखी फिश सॉस शाकाहाराच्या आड येत नाही. 'मासा नको, फिश सॉस नको, कोळंबीची पेस्ट नको, ऑयस्टर सॉस नको, चिकनचा स्टॉक नको' अशी यादीच द्या. अंडं चालतं की नाही तेही सांगा. थाई लोकांत 'जे' नावाचा एक कडक शाकाहार आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध यांच्यासोबत लसूण-कांद्यासारख्या उग्र गोष्टीही वर्ज्य असतात. थाई कर्मचाऱ्याला हा शब्द लगेच कळतो, पण मग जेवणात लसूणही येणार नाही हे लक्षात ठेवा.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सोम तम, पॅड थाई, सातेची चटणी आणि मसामान करी यांपासून जपा. कवचाच्या माशांची (कोळंबी, खेकडे, शिंपले) ॲलर्जी असेल तर हे जेवण खरोखरच जोखमीचं आहे. रेस्टॉरंटशी फोनवर स्पष्ट बोलून खात्री पटली तरच जा.

पोहोचल्यावर

कपड्यांचा फार बाऊ नको. नीटनेटके, चड्डी-चपला सोडून काहीही चालतं. उग्र सेंट मात्र टाळा. मकरूट लिंबाची पानं, गवती चहा, थाई बेसिल यांचा वास हा या जेवणाचा अर्धा जीव आहे, आणि तुमच्या सेंटची किंमत शेजारच्या टेबलालाही मोजावी लागते.

दारात कुणी हात जोडून 'वाय' केला तर हसून मान लववली तरी पुरे. थाई येत नसताना लांबलचक थाई स्वागतवाक्य म्हणून दाखवण्याची गरज नाही.

ऑर्डर

टेस्टिंग मेन्यू की आपल्या आवडीने निवड? दोघंच असाल तर टेस्टिंग मेन्यू घ्या, कारण दोघांना एरवी विविधता मिळत नाही. चार किंवा जास्त असाल तर स्वतः निवडा. टेस्टिंग मेन्यूतले पदार्थ एकामागोमाग येतात, आणि थाई जेवणाची खरी गंमत तर ते शेजारी-शेजारी येण्यात आहे. काही स्वयंपाकघरं यावर छान तोडगा काढतात. सुरुवातीला लहान लहान घास एकेक करून देतात आणि मुख्य जेवण मात्र भातासोबत पाच-सहा पदार्थ एकदम मांडून आणतात. या मांडणीला 'सम्रप' म्हणतात. मेन्यूत हा शब्द दिसला तर बेलाशक घ्या.

स्वतः निवडताना माणसांहून एक पदार्थ जास्त, हा हिशेब ठीक बसतो. चौघांना पाच, शिवाय भात. आता ते पाच कोणते, यासाठी मेन्यू वरून खाली वाचत जाऊ नका. प्रकार ठरवून वाचा: एक याम, एक सूप, एक करी, एक परतलेली भाजी किंवा मांस, आणि एक मासा किंवा ग्रिल केलेलं काही.

मग त्यांची एकमेकांशी सांगड घाला. टॉम यम हे सूप घेतलं तर ते आंबट-तिखट, म्हणून मासा लिंबू-मिरचीत वाफवलेला घेऊ नका, तळलेला किंवा भाजलेला घ्या. टॉम खा हे सूप आणि ग्रीन करी एकत्र घेतली तर दोन्हींत नारळाचं दूध, आणि शेवटी मँगो स्टिकी राइस म्हणजे पुन्हा तेच. तिसऱ्या वाटीला जेवण जड होऊन बसतं. नारळाच्या दुधाचा एकच पदार्थ, फार तर गोडात आणखी एक. एक पदार्थ मुद्दाम सौम्य ठेवा: लसूण-मिरी घालून परतलेलं काही किंवा साधं ऑम्लेट. ऑम्लेट मागवायला लाजू नका. तिखट जेवणात थाई लोकही ते आवडीने घेतात.

चौघांसाठी एक नमुना देतो. पोमेलोचा (पपनसाचा) याम, मशरूमचं किंवा कोळंबीचं टॉम यम, पनांग करी, परतलेली मॉर्निंग ग्लोरीची पालेभाजी आणि भाजलेला किंवा तळलेला अख्खा मासा. याम आंबटगोड, सूप आंबट-तिखट, करी दाट आणि गोडसर, भाजी खारट-कुरकुरीत. आवडीप्रमाणे नावं बदला, पण ही रचना मोडू नका.

करींबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: लाल म्हणजे तिखट आणि हिरवी म्हणजे सौम्य. प्रत्यक्षात हिरव्या करीचं वाटण ताज्या हिरव्या मिरच्यांचं असतं आणि ती बहुतेकदा लाल करीहून तिखट लागते. सौम्य हवी असेल तर पनांग किंवा मसामान घ्या. मसामानमध्ये दालचिनी, वेलची, लवंग असे कोरडे मसाले, बटाटे आणि शेंगदाणे असतात. मुस्लिम व्यापाऱ्यांच्या संपर्कातून ती घडली असं मानतात.

तिखटाचंही वाटणासारखंच आहे. याम आणि परतलेल्या पदार्थांतली मिरची वेटरला सांगून कमी करता येते, करीतली येत नाही. म्हणजे तिखट सोसत नसेल तर करी सौम्य निवडायची आणि यामची मिरची कमी करून घ्यायची. 'मीडियम' हा शब्द वापरू नका, प्रत्येक स्वयंपाकघराचं मीडियम वेगळं. 'यात किती मिरच्या घालता?' असं सोम तमच्या बाबतीत सरळ विचारता येतं, कारण ते खलबत्त्यात कुटताना मिरच्या मोजूनच घालतात.

पॅड थाई? वाईट पदार्थ नाही, पण भातासोबतच्या जेवणात त्याला जागा नाही. ते एका बशीत संपणारं जेवण आहे. फ्राइड राइसचंही तेच. गंमत म्हणजे पॅड थाईची प्रसिद्धी बरीचशी सरकारी आहे. प्लेक फिबुनसोंगख्राम १९३८ ते १९४४ या काळात पंतप्रधान असताना राष्ट्रीय अस्मितेच्या मोहिमेत सरकारनेच या नूडल्सचा प्रसार केला. ते खायचंच असेल तर दुपारी एकटे जा आणि निवांत खा.

सुरुवातीला काहीतरी हवं असेल तर 'मिअंग खम' मेन्यूत आहे का बघा. एका हिरव्या पानात भाजलेलं खोबरं, आलं, छोटे कांदे, सालीसकट लिंबाचे बारीक तुकडे, शेंगदाणे, सुकी कोळंबी, मिरची आणि वर गोडसर चटणी. पुडी करायची आणि अख्खी तोंडात टाकायची. अर्धी चावून परत ठेवली तर सगळी चव निसटते. चारही चवी एका घासात कशा लागतात हे कळायला याहून चांगला पदार्थ नाही.

शेवटचं सांगणं वेटरला: 'सूपसुद्धा सगळ्यासोबतच आणा.' हे सांगितलं नाही तर सूप आधी, मग सॅलड, मग बाकीचं अशी रांग लागण्याची शक्यता असते.

भात

करी आणि परतलेल्या पदार्थांसोबत सुवासिक जस्मिन राइस. सोम तम, लाब म्हणजे खिम्याचं आंबट सॅलड आणि भाजलेली कोंबडी यांच्यासोबत चिकट भात. चिकट भात बांबूच्या छोट्या टोपलीत येतो आणि हाताने खातात. चिमूटभर घ्यायचा, बोटांनी गोळी करायची आणि पदार्थात टेकवायची. दर वेळी टोपलीचं झाकण लावा, उघडा राहिला की तो सुकून कडक होतो. महागड्या ठिकाणी हाताने खायचा संकोच वाटतो खरा, पण इथे काट्याने खाणारा माणूसच अवघडलेला दिसतो.

जेवताना

उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्याने घास चमच्यावर ढकलायचा आणि चमचा तोंडात घालायचा. काटा तोंडात जात नाही. सुरी मागू नका, मांस आधीच कापलेलं असतं. चॉपस्टिक्सही मागू नका, त्या नूडल्सपुरत्या. चमचा-काटा थायलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात दरबारातून रूढ झाला, त्याआधी जेवण हातानेच होत असे.

ताटात आधी भात घ्या. मग एका पदार्थाचे एक-दोन चमचे, ते भातासोबत संपवून मग दुसरा पदार्थ. सगळं एकदम वाढून घेतलं की चवी एकमेकींत मिसळतात आणि स्वयंपाक्याची मेहनत वाया जाते. पदार्थाची चव नेहमी भातासोबत जोखा. करी नुसती चमच्याने चाखली तर खारट लागणारच, ती भाताच्या हिशेबानेच खारट केलेली असते. वाढायचा चमचा वेगळा असतो, आपला चमचा सामायिक वाडग्यात घालू नका.

सगळं एकदम आलं तरी काय आधी संपवायचं याला क्रम आहे. तळलेलं आणि याम पहिल्यांदा. तळलेलं मऊ पडतं, आणि लिंबाचा ताजेपणा उतरला की यामला पाणी सुटतं. करी निवांत थांबते.

सूप बरेचदा मधोमध धुराडं असलेल्या धातूच्या भांड्यात, खाली विस्तव ठेवून येतं. ते भांडं चांगलंच तापलेलं असतं, सरकवायला वेटरलाच सांगा. सुपातले गवती चहाचे दांडे, गलांगल या आल्यासारख्या कंदाच्या चकत्या आणि मकरूट लिंबाची जाड पानं चावायची नसतात. ती स्वादासाठी आहेत. बशीच्या कडेला काढून ठेवा, कुणी काही म्हणत नाही. याच टॉम यम कुंगला २०२४ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा चकत्या वेचत बसायला लागलं तरी कुरकुर नको.

टेबलावर मीठ नसेल. एखाद्या वाटीत फिश सॉसमध्ये चिरलेली मिरची असेल, तेच मीठ. दोन-चार थेंब पुरतात.

तोंड पोळलं तर पाण्याने फार फरक पडत नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. सोड्याचे बुडबुडे तर आणखी झोंबतात. साधा भात, नारळाच्या दुधाचा चमचाभर रस्सा, काकडी किंवा काहीतरी गोड हे उपाय. बाय द वे, ही मिरची थायलंडची नव्हेच. सोळाव्या शतकाच्या सुमारास पोर्तुगीजांबरोबर ती या भागात आली, त्याआधी तिखटपणासाठी मिरी होती.

पेय आणि गोड

वाइन घेत असाल तर किंचित गोडसर रीसलिंग ही व्हाइट वाइन मागवा. जड, तुरट रेड वाइन तिखटासमोर कडवट लागते आणि जास्त अल्कोहोलने जळजळ वाढते. मद्य नको असेल तर गवती चहाचं सरबत चांगलं. गोकर्णीच्या फुलांचं निळं सरबतही असतं, लिंबू पिळलं की जांभळं होतं. दिसायला झकास, चवीला यथातथाच. दुधाळ थाई आइस्ड टी जेवणाबरोबर घेऊ नका, पोट भरतं.

गोडात आंब्याचा हंगाम असेल तरच मँगो स्टिकी राइस. एरवी 'तब तिम क्रोब' घ्या: लाल रंगातले शिंगाड्यासारखे कुरकुरीत तुकडे, बर्फ आणि नारळाचं दूध. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या सोनेरी तारा, म्हणजे 'फोय थोंग', दिसल्या तर चाखून पाहा. ही पोर्तुगीज धाटणीची मिठाई आहे. सतराव्या शतकात अयुथया या तेव्हाच्या राजधानीतल्या दरबारात मारिया गुयोमार दे पिन्या या बाईने ती रुजवली असं सांगतात.

बिल

सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते पाहा आणि मग टिपचं ठरवा. पाणी बाटलीतलं आलं असेल तर त्याचेही पैसे लागलेले असतील, साधं पाणी हवं असेल तर ते सुरुवातीलाच सांगायचं. उरलेलं बांधून मागायला अडचण नाही, फक्त निवडून बांधा. पनांग किंवा मसामान दुसऱ्या दिवशी उलट मुरून चांगली लागते. याम, तळलेला मासा आणि चिकट भात टेबलावरच संपवा.